सर ह्यूबर्ट यांचं चरित्र, सहावं प्रूफ

२ ऑगस्ट, बदलापूर

सर ह्यूबर्ट पेनफोल्ड यांचं इंग्रजी आत्मचरित्र आज कुरिअरनं आलं. स्वतः पाठवलं आहे. पहिल्या पानावर सही आहे आणि सहीच्या वर 'मिस्टर टिपिंग्ज यांस'. माझं आडनाव टिपणीस आहे. पण ज्या माणसानं उभा जन्म वकिलातींत काढला, त्याला जगभरची नावं लक्षात ठेवावी लागतात, त्यातलं एखादं घसरणारच. पत्ता बरोबर होता हे महत्त्वाचं.

माईनं विचारलं, हे कोण? मी दर नाताळात या गृहस्थांना शुभेच्छापत्र पाठवतो आणि आमच्या सौभाग्यवती विचारतात हे कोण. पुन्हा सांगितलं. मी कारखान्यात नवा होतो तेव्हा हे मुंबईतल्या ब्रिटिश कचेरीत तरुण अधिकारी होते. अंबरनाथचं शिवमंदिर पाहायला आले, आणि इंग्रजी बरं बोलतो म्हणून साहेबांनी मला त्यांच्याबरोबर पाठवलं. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. मी तीन उत्तरं दिली. तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार आहे. माई म्हणते, त्यांची कार्डं छापील असतात. असतील, पण छापायला कोणी सांगितली?

पुस्तकाबरोबर एक चिठ्ठी होती. नोव्हेंबरात ते व्याख्यानासाठी मुंबईला येत आहेत. इकडे आमच्या राजसीचा इंग्लंडचा व्हिसा जूनमध्ये नाकारला गेला. कारण काय, तर 'अर्जदाराला शिक्षणात खरा रस असल्याचं मुलाखतीत दिसून आलं नाही'. माझ्या मुलीला, जी एम.कॉम.ला फर्स्ट क्लास आहे. लेस्टरला समीरनं तिच्यासाठी कॉलेज पाहिलंय, खोली पाहिलीय. सहा वर्षं तो तिकडेच आहे, ती गेली की भावंडं एकत्र राहतील आणि मी सुटलो.

दोन आणि दोन चार करायला मला वेळ लागला नाही. सर ह्यूबर्ट यांचं मराठीत चरित्र लिहायचं, नोव्हेंबरात त्यांच्या हस्ते प्रकाशन करायचं, आणि पेढा देता देता व्हिसाचा विषय काढायचा. एवढ्या मोठ्या मुत्सद्द्याचा शब्द त्यांच्या खात्यात कोण खाली पडू देईल?

५ ऑगस्ट

राजसीला टायपिंगचं विचारलं. मला वाटलं नाक मुरडेल. उलट खूश झाली. साधारण किती पानं होतील म्हणाली. मी म्हटलं, दोनशे. तर म्हणते, "अण्णा, तीनशे करा ना. एवढं मोठं आयुष्य आहे त्यांचं."

मुलीच्या अंगात अखेर वाङ्मयाची आवड उतरली. टिपणिसांच्या घरात ती कुठेतरी असणारच होती.

छापखानाही तिनंच सुचवला, उल्हासनगर कॅम्प एकमध्ये. एमआयडीसीत तिच्या कंपनीची लेबलं तिथे छापतात म्हणे.

११ ऑगस्ट

छापखाना पाहून आलो. लग्नपत्रिकांच्या गल्लीत आहे. शेजारच्या दुकानात सोनिया नावाची सिंधी बाई बसते, पत्रिकांचा घाऊक धंदा. मी पायरी चढतोय तोच तिनं विचारलं, "अंकल, मुहूरत कब का निकाला?" मी म्हटलं, नोव्हेंबर. ती म्हणाली, बढिया, सीझन है. पुस्तकांनाही सीझन असतो हे मला माहीत नव्हतं.

छापखान्याचा मालक राजरत्न ओव्हाळ, तिशीतला मुलगा, नम्र आहे. बोलता बोलता कळलं की आमच्या कारखान्यातल्या, क्वार्टर्समध्ये समोर राहणाऱ्या महेंद्र ओव्हाळांचा हा चिरंजीव; मोठा झाल्यावर ओळखू आला नाही. ओव्हाळांना मी ओळखतो. माझ्यानंतर लागले आणि माझ्या एक पायरी वर जाऊन निवृत्त झाले. काळाचा महिमा, दुसरं काय. अर्थात मी जातपात मानत नाही. कारखान्यात आम्ही कित्येक वर्षं एकाच टेबलावर जेवलो, म्हणजे एकाच हॉलमध्ये.

राजसी आणि तो एकमेकांशी इतकं कमी बोलले की मला जरा संकोच वाटला. परत येताना तिला सांगितलं, अगं, माणसांशी थोडं मोकळेपणानं बोलावं. ती म्हणाली, हो अण्णा, प्रयत्न करते.

२५ ऑगस्ट

तिसरं प्रकरण संपवलं. आखाताजवळच्या एका छोट्या वाळवंटी राज्यात सर ह्यूबर्ट चार वर्षं राजदूत होते. त्यांच्या काळात तिथे पूर्ण शांतता होती असं ते लिहितात. राजाविरुद्ध बंड झालं त्या दिवशी ते समुद्रकिनारी सहलीला गेले होते. परतताना राजवाड्यावर वेगळा झेंडा दिसला तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला एवढंच विचारलं, आज कसला सण आहे? केवढा हा संयम. दुसरा कोणी असता तर गांगरला असता.

पहिल्या प्रकरणाचं प्रूफ आलं. चुकाच चुका. राजसी म्हणाली, ती समोर बसून दुरुस्त करून घेईल. ऑफिस सुटल्यावर अंबरनाथहून परस्पर उल्हासनगरला जाईल. किती कष्ट घेते पोर.

९ सप्टेंबर

घरी गणपती आहेत. संध्याकाळी राजरत्न प्रूफं घेऊन आला. नेमकी आरतीची वेळ. आत ये म्हटलं, तर म्हणाला, काका, तुमचं होऊ द्या, मी इथंच थांबतो. बूट काढायचा कंटाळा असेल. माई आरती अर्ध्यावर सोडून त्याला गॅलरीत घेऊन गेली आणि कुंड्या दाखवत बसली. यजमानीणबाईंनी असं उठून जाणं बरं दिसत नाही, तिला नंतर तसं बोललोही. ती म्हणाली, जास्वंदीला कीड लागलीय, त्याला औषध माहीत होतं.

मोदक मात्र त्यानं चार खाल्ले. राजसी वाढत होती.

दुरुस्त केलेल्या चुका पुढच्या प्रूफात परत येतात. विचारलं, तर म्हणतो, "काका, फाइल करप्ट होते ना, परत सेट करायला लागते." तंत्रज्ञानाचे तोटे.

१९ सप्टेंबर

वाईट दिवस. राजसीची इंग्रजीची परीक्षा होती, ती चुकली. सकाळी पोटात दुखतं म्हणून झोपून राहिली. माईनं ओवा दिला आणि दार लावून घेतलं. दुपारी बरं वाटलं, तेव्हा प्रूफं बघायला गेली. गेल्या महिन्यात फोटोची पार्श्वभूमी चुकली म्हणून परीक्षेचा अर्ज परत आला होता. मुलीचं नशीबच आड येतंय. म्हणूनच या पुस्तकावर माझी सगळी भिस्त आहे.

पाचवं प्रकरण आज घेतलं. नदीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या दोन देशांत सर ह्यूबर्ट यांनी दीड वर्ष मध्यस्थी केली आणि टेबल गोल असावं की चौकोनी यावर दोघांचं एकमत घडवून आणलं. युद्ध त्यांची बदली झाल्यानंतर सुरू झालं. याच प्रकरणात त्यांनी लेडी पेनफोल्ड यांच्यावर उगाच दोन पानं खर्ची घातली आहेत. बाईंनी म्हणे दोन्हीकडच्या मंत्र्यांच्या बायकांना चहाला बोलावलं, आठवड्यानं सरहद्दीवरचं एक फाटक उघडलं आणि अडकलेली माणसं घरी गेली. सर ह्यूबर्ट त्या दिवशी गोल्फ खेळत होते. चहापाण्याचा एवढा तपशील मराठी वाचकाला कशाला? मी ते एका परिच्छेदात बसवलं.

एक वाक्य मात्र फार आवडलं. झालेली गोष्ट बदलता येत नसेल, तर ती आपणच सुचवली होती असं लवकरात लवकर जाहीर करावं. माईला वाचून दाखवलं. ती वालाचं बिरडं सोलत होती. सोलायची थांबली आणि म्हणाली, "परत वाचा बघू."

तिला रस वाटला याचं बरं वाटलं.

२९ सप्टेंबर

माई एकटीच अंबरनाथला ओव्हाळांकडे जाऊन आली, बिरड्याचा डबा घेऊन. कशाला, तर राजरत्न एवढं काम करतो, त्याच्या घरी आई नाही, आजी सुंदराबाईच सगळं बघतात, म्हणून. मी म्हटलं, छापखान्याशी संबंध छापखान्यापुरता ठेवावा. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं.

ओव्हाळ जरा आखडूच वाटले तिला. म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं क्वार्टर्समध्ये समोरासमोर राहिलो. टिपणीससाहेब एकदा तरी आमचा उंबरा चढले का?" आता यात काय आखडायचं? कामाच्या रगाड्यात कोण कोणाकडे जातं? आणि त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ एवढी माणसं असायची, आपण कशाला गर्दी करा.

सुंदराबाईंनी डबा रिकामा परत पाठवला नाही. सुकटीची चटणी दिली. ती मी खाल्ली. उत्तम होती. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

१२ ऑक्टोबर

दसरा. समीरचा फोन आला. गेल्या महिन्यापर्यंत राजसीच्या प्रवेशासाठी माझ्यामागे लागला होता, आज म्हणतो, "अण्णा, तिला हवं ते करू दे. जबरदस्ती नको." मी विचारलं, कोण जबरदस्ती करतंय? तिलाच तर जायचंय. तो म्हणाला, अण्णा, आवाज नीट येत नाहीये. लाइन खराब असावी.

परवा माई त्याच्याशी तासभर बोलत होती, स्वयंपाकघराचं दार लोटून. एवढं काय बोललात, म्हटलं, तर म्हणाली, त्याला बिरड्याची कृती हवी होती.

सहा वर्षांत तो दोनदा आला. दोन्ही वेळा बॅग पूर्ण उघडलीसुद्धा नाही.

३० ऑक्टोबर

आज सहावं प्रूफ हातात पडलं आणि मी जाहीर केलं की आता बस. राहिलेल्या चुका वाचक समजून घेतील. राजसीचा चेहरा उतरला. लेखकापेक्षा टंकलेखिकेला पुस्तक सोडवेना, असं मी प्रथमच पाहिलं.

प्रकाशनाचं सगळं माईनं अंगावर घेतलं. पंधरा नोव्हेंबर ठरवला, पौर्णिमा आहे. सुंदराबाई चांगलं काम पौर्णिमेलाच करतात म्हणे. छापखानावाल्यांची श्रद्धा आपण का मोडा? हॉल अंबरनाथला घेतला, म्हणजे बदलापूर आणि उल्हासनगर दोन्हीकडच्यांना सारखंच पडेल. सूत्रसंचालन, जेवण, हारतुरे, सगळ्याची तिनं ओव्हाळांबरोबर तीनदा बैठक घेतली. मी मनोगत लिहिण्यात गर्क होतो.

मुखपृष्ठ पाहून जरा दचकलो. लाल मखमली कागद, सोनेरी वेलबुट्टी. सोनियाच्या दुकानातले नमुने पाहून राजसीनं निवडलं. राजदूताच्या दर्जाला शोभतं, असं शेवटी मलाही पटलं.

सर ह्यूबर्टना ईमेल केलं. निमंत्रण दिलं आणि व्हिसाचा उल्लेख अगदी शेवटी, ओझरता, तीन परिच्छेदांत केला.

१५ नोव्हेंबर

समारंभ पार पडला. जमेल तेवढं क्रमानं लिहून ठेवतो, कारण माझं मन अजून भरलेलं आहे.

सर ह्यूबर्ट आले नाहीत. त्यांचं उत्तरही आलेलं नाही. मी पार खचलो होतो, पण हॉलवर पोचलो तर हॉल गच्च. माझी बहीण कोल्हापूरहून आलेली, माईचे दोघे भाऊ पनवेलहून सहकुटुंब. आयुष्यात पुस्तक हातात न धरलेली ही माणसं पुस्तकासाठी भरजरी नेसून आली होती. ओव्हाळांकडची तर चाळीस-पन्नास माणसं असतील. असा साहित्यप्रेमी समाज मी पाहिला नव्हता. प्रमुख पाहुण्यांची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून माईनं तिथे महेंद्र ओव्हाळांना बसवलं.

सुरुवात सरस्वतीपूजनानं करायची की बुद्धवंदनेनं, यावर आधी काही बोलणं झालं होतं म्हणे. तोडगा असा निघाला की सगळ्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहायचं. मला वाटलं कोणी वारलं.

मग माझं भाषण झालं. चाळीस मिनिटांत मी सर ह्यूबर्ट यांच्या कारकिर्दीचा फक्त पूर्वार्ध घेऊ शकलो, कारण माईच्या थोरल्या भावानं टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांनी त्या उचलून धरल्या. त्यानंतर सत्कार. माईनं ताट तयार ठेवलं होतं. मी ओव्हाळांना शाल पांघरली, नारळ दिला. मुद्रकाच्या वडिलांचा सत्कार जरा जास्तच वाटला, पण प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर होते, तेव्हा ठीक. लगेच त्यांनीही मला शाल पांघरली, नारळ दिला आणि मिठी मारली. सुंदराबाई दोघांच्या आधारानं मंचावर चढल्या आणि राजसीला हिरवी पैठणी दिली. टंकलेखनाबद्दल. मग माईनं राजरत्नच्या बोटात सोन्याची अंगठी घातली. मी तिच्या कानात म्हटलं, अगं, मुद्रकाला अंगठी? पेन द्यायचं. ती म्हणाली, "पेन हल्ली कोण वापरतं?" तेही खरंच.

पेढे आले. फोटोवाल्यानं राजसी आणि राजरत्नला एकमेकांना पेढा भरवायला लावला आणि लेखकाला म्हणाला, काका, तुम्ही जरा बाजूला व्हा. फोटोवाल्यांना वाङ्मयाची जाण नसते.

शेवटी ओव्हाळ दोनच वाक्यं बोलले. "आजपासून आपली दोन घरं वेगळी नाहीत. टिपणीससाहेब, तुमची ठेव आम्ही जपू." जपतील. शंभर प्रती त्यांच्याकडेच ठेवल्या आहेत. माझी बहीण माईच्या गळ्यात पडून रडली, आणि माझ्या पुस्तकावर कोणी रडेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

एकाही माणसानं प्रत विकत घेतली नाही. पण भावनेला किंमत नसते.

२४ नोव्हेंबर

सर ह्यूबर्ट यांचं उत्तर आलं. व्याख्यान मुंबईत नव्हतं, पर्यटकांच्या जहाजावर होतं. मुंबईत जहाज एकच रात्र थांबलं आणि गोव्याला गेलं. मी पाठवलेले समारंभाचे फोटो पाहून ते भारावले आहेत. लेडी पेनफोल्ड यांनी विचारलंय की त्या हिरव्या साडीतल्या मुलीला आणि तिच्या नवऱ्या मुलाला शुभेच्छा कुठल्या पत्त्यावर पाठवायच्या. इंग्रजांचा विनोद. व्हिसाबद्दल लिहितात की, 'या बाबतीत माझ्या शब्दाला माझ्या माळ्याच्या शब्दाइतकीच किंमत आहे, आणि माळी निदान कामावर तरी आहे.' हेही मुत्सद्द्याचं बोलणं. पण दहा वेळा वाचूनही त्यातून होकार काही निघेना.

म्हणजे आता सरळ मार्गच उरला. नवा अर्ज, नवी परीक्षा. संध्याकाळी मी अर्ज भरायला बसलो. राजसी कामावरून यायची होती. प्रवासाची अपेक्षित तारीख विचारली होती, तिथे माझा हात चालेना.

इथे कोणी वाचत नाही, म्हणून खरं लिहितो. ती जाऊ नये असं मला वाटतं. समीर गेला तेव्हा मी स्टेशनवर लोकांना पेढे वाटले, आणि घरी येऊन त्याच्या खोलीतला पंखा चालूच आहे म्हणून बंद करायला गेलो तो तिथेच बसून राहिलो. तो पंखा मी अजून तसा लावत नाही. राजसीची खोलीही तशी झाली, तर या घरात मी कोणाला हाक मारू? माई कामात असते.

माईला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"मग नका पाठवू," ती म्हणाली.

मी म्हटलं, इथे राहून ती काय करणार?

"इथं राहूनसुद्धा माणसं काय काय करतात," ती म्हणाली आणि जुडी माझ्यापुढे सरकवली. मीही निवडली.

१ डिसेंबर

आजचा दिवस माझ्या आयुष्यात महत्त्वाचा ठरेल.

सकाळी चहाच्या वेळी माई सहज म्हणाली की राजरत्नला नाशिकचं स्थळ सांगून आलंय. मला एकदम कसंतरी झालं. सहा प्रूफं ज्यानं कपाळावर आठी न आणता काढली, आपल्या म्हाताऱ्या आजीला हाताला धरून जो मंचावर आणतो, तो मुलगा नाशिकला? आणि त्याच क्षणी मला सुचलं. राजसी इथे राहणार, राजरत्नही इथलाच. चार महिने एकमेकांसमोर बसून काम केलंय, म्हणजे स्वभाव जुळायला हरकत नाही. ही गोष्ट आजवर कोणाच्याच कशी लक्षात आली नाही?

माईला सांगितलं, तर तिनं डोक्यालाच हात लावला. "अहो, काय बोलताय? आपल्यात असं कुणी केलंय का? तुमची बहीण काय म्हणेल?" इतकी वर्षं संसार केला पण ही एवढ्या जुन्या विचारांची असेल असं वाटलं नव्हतं. मग मी तासभर समजावलं. माणूस बघायचा, घर बघायचं, मुलीचं सुख बघायचं. बोलता बोलता माझा मलाच आवाज चढल्याचं कळलं. मी हेही म्हणालो की आपण त्यांच्या उंबऱ्यावर कधी गेलो नाही हे काही भूषण नाही. ते वाक्य कुठून आलं कोण जाणे.

माई पदर तोंडाला लावून बसली होती, खांदे हलत होते. रडतेय असं वाटून मी थांबलो. शेवटी म्हणाली, "तुमच्यापुढे कोण बोलणार? पण जाऊन विचारायचं तुम्ही स्वतः. मी नाही येणार."

बहिणीला फोन केला. ती कडाडेल असं वाटलं होतं. म्हणाली, "दादा, अजून विचारलंच नव्हतंस तू?" घाईघाईनं पुढे म्हणाली, म्हणजे मला वाटलंच होतं तू विचारशील.

राजसीला सांगितल्यावर तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. थँक्यू अण्णा, थँक्यू, एवढंच. शाळेत असताना पहिला नंबर गेला तेव्हा अशी रडली होती. मी तिला म्हटलं, अगं, अजून तिकडचा होकार यायचाय.

७ डिसेंबर

एकटाच ओव्हाळांकडे गेलो. अंबरनाथला रिक्षातून उतरलो आणि फाटकापाशी थोडा वेळ थांबलो. क्वार्टर्स सुटल्यावर त्यांनी बांधलेलं घर, पुढे चाफा. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. चपला काढताना माझा तोल जरा गेला, तेव्हा ओव्हाळांनी हात दिला.

आठवडाभर बोलण्याची तयारी केली होती. सर ह्यूबर्ट अशा वेळी हवामानापासून सुरुवात करतात. मी मात्र बसल्या बसल्याच म्हणालो की तुमच्या मुलासाठी माझ्या मुलीचा विचार करावा, ही विनंती करायला आलोय.

ओव्हाळांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "टिपणीससाहेब, तुम्ही आलात. मला एवढंच बघायचं होतं."

मी म्हटलं, हो, रिक्षा लगेच मिळाली.

सुंदराबाईंनी चहा आणला. कपबशी फुटलेली नाही ना, असं त्या दोनदा बघत होत्या. मी दोन कप घेतले आणि सुकटीची चटणी मागितली. चहाबरोबर कोणी चटणी मागत नाही, पण दुसरं काही सुचेना. त्या हसल्या आणि खरंच घेऊन आल्या.

पुढच्या वाटाघाटी मीच केल्या. विधी त्यांच्या पद्धतीनं, जेवण आमच्या. मी वधूपिता असून विधीचा मुद्दा सोडला, हे पाहून ओव्हाळ चकित झाले असावेत, कारण ते म्हणाले, "हो हो, तसंच ठरलंय," आणि लगेच, "म्हणजे तसंच ठरवू." हॉल मिळेल का याची काळजी होती. पण नशीब असं की माईनं तोच हॉल फेब्रुवारीच्या पौर्णिमेसाठी आधीच धरून ठेवलाय, दुसऱ्या आवृत्तीच्या प्रकाशनासाठी. आवृत्ती पुढे ढकलता येईल.

२२ डिसेंबर

उल्हासनगरला पत्रिका पाहायला गेलो होतो, सगळे मिळून. सोनियानं मला पाहताच नमुना पुढे केला. लाल मखमल, सोनेरी वेलबुट्टी. म्हणाली, अंकल, ये तो बेटी ने ऑगस्ट में ही पसंद किया था. मी म्हटलं, ते पुस्तकासाठी. तिनं राजसीकडे पाहिलं, राजसीनं छताकडे.

मग साड्या. सुंदराबाईंना विचारलं, साखरपुड्याला कुठली घ्यायची? त्या म्हणाल्या, "आता परत? साखरपुड्याची हिरवी दिली की तेव्हाच, लेकीला. नारळ तुमीच दिला ना आमच्या महेंद्राला?" माई साडीचा काठ बघायला लागली. राजरत्नला खोकला आला.

मी म्हटलं, हो आजी, दिला होता. वय झालंय त्यांचं, उगाच कशाला खोडून काढा.

घरी येऊन समारंभाचे फोटो बाहेर काढून पाहिले. शाली आहेत, दोन नारळ आहेत, पैठणी आहे, अंगठी आहे, पेढे आहेत. पुस्तक कुठे दिसत नाही. एका फोटोत मी ओव्हाळांना नारळ देतोय, सगळी माणसं आमच्याकडे पाहताहेत, आणि माई एकटी माझ्याकडे पाहतेय. पोळी टम्म फुगताना ती अशीच बघते. तो फोटो मी बराच वेळ हातात धरून होतो. मग सर ह्यूबर्ट यांचं ते पाचवं प्रकरण काढलं आणि मूळ इंग्रजीतली, मी गाळलेली ती दोन पानं पुन्हा वाचली.

रात्रीच्या जेवणानंतर माईला म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत लेडी पेनफोल्ड यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण घालावं म्हणतो. माझ्याकडून अन्याय झालाय बाईंवर.

तिनं ओटा पुसला, फडकं वाळत टाकलं.

"एका परिच्छेदात आहे तेच बरं आहे," ती म्हणाली. "तिला अजून कामं असतील."

मग तिनं समीरला फोन लावला, आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मी उठून समीरच्या खोलीत गेलो आणि पंखा लावून पाहिला. चालतोय.